हेड गेलंय, गाडी नाही

जुन्या गाडीबद्दल आपल्याकडं एक नियम सगळ्यांना पाठ आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकायची. कंपनीच्या कँटीनमध्ये हाच नियम, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हाच, संध्याकाळी इथं कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला गेलं आणि ओळखीचं कोण भेटलं की तिथंपण हाच. गेले काही महिने आमच्या घरात हाच विषय चालू आहे त्यामुळं मी हा नियम भरपूर ऐकलाय, आणि जितका ऐकला तितकं मला पटत गेलं की यात तुलनाच चुकीच्या दोन आकड्यांची होते.

कसं ते सांगतो. आमची गाडी २०११ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, जरा उंच बांध्याची. कंपनीचं नाव घेत नाही कारण पंधरा वर्षांनी कुठल्याही गाडीला हेच दिवस येतात, प्रश्न वयाचा आहे. बाजारात आज लाखभर रुपये आले तर खूप झाले. आणि मेस्त्रींनी सगळं मिळून खर्च सांगितला साठ हजाराच्या आसपास. नियम लावला तर विषय तिथंच संपतो, विका. पण बाजारभाव हा विकणाऱ्याच्या कामाचा आकडा झाला. ज्याला गाडी वापरायची आहे त्यानं बघायचं की ही गेली तर हिचं काम कोण करणार आणि त्याला किती पैसे लागणार. लाखभर रुपयात मला दुसरी जी गाडी मिळेल तीपण अशीच पंधरा वर्षांची असणार, फरक एवढाच की तिला आधी कुणी कसं वापरलंय ते मला माहीत नसणार.

नवीन घ्यायची तर हिशोब वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसपण गेला, छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची गाडी, आणि शोरूमवाले हेच पहिल्यांदा सांगतात आणि ते खरंच आहे, किमती उतरल्यात. तरी सगळं धरून साध्या मॉडेलला सहा लाख धरा. एक लाख हातातले, पाच लाख कर्ज, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता बसतो जवळजवळ दहा हजार चारशे. पाच वर्षांत व्याजच सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे ज्या साठ हजारावरून घरात एवढी चर्चा चाललीय ते नव्या गाडीचे सहा हप्तेसुद्धा नाहीत. मग प्रश्न असा झाला की साठ हजार घालून ही गाडी सहा महिन्यांपेक्षा जास्त बिनतक्रार चालेल का. असा विचारला की त्याचं उत्तर शोधता येतं, गाडी उघडून, वाकून, खाली झोपून बघता येतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्स बघतो. आमच्याकडं कायम कुठल्या ना कुठल्या मशीनबद्दल हेच चालू असतं, दुरुस्त करायचं की नवीन मागवायचं. तिथं मशीन भंगारात किती जाईल यावरून कोण ठरवत नाही. तिथं बघतात की मशीन बंद पडलं तर पुढचं किती काम अडतं, तोच पार्ट परत परत जातोय का, आणि पार्ट बाजारात मिळतोय का. एकच बेअरिंग वर्षात दोन-तीनदा जायला लागलं तर बेअरिंग बदलत बसण्यात अर्थ नसतो, शाफ्ट वाकलेला असतो नाहीतर अलाइनमेंट गेलेली असते. उलट दहा-पंधरा वर्षं नीट चाललेलं मशीन पहिल्यांदाच मोठं काम काढतंय, तर आम्ही त्याला संपलं म्हणत नाही, ओव्हरहॉलिंगला आलंय म्हणतो. प्रत्येक मशीनचं हिस्टरी कार्ड असतं, त्यावर सगळं लिहिलेलं असतं, वाद घालायची गरज पडत नाही.

आमच्या गाडीचं हिस्टरी कार्ड आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लिहिलेलं. २०११ च्या दसऱ्याला गाडी घेतली तेव्हापासून ते डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही ठेवायचे, त्यात तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, कधी ऑइल, कधी कुलंट, कुठल्या टायरची कुठं अदलाबदल केली हे सगळं निळ्या पेनानं. आण्णा गेले तरी ती वही मी बंद केली नाही. आता या निर्णयाच्या वेळी मी रात्री बसून ती सगळी वाचून काढली आणि मला स्पष्ट दिसलं की या गाडीनं पंधरा वर्षांत क्लच, बॅटऱ्या, टायर, एकदा सायलेन्सर, एकदा स्टिअरिंग रॅक असली कामं काढली पण इंजिनला हात लावायची वेळ कधी आली नव्हती, आणि कुठलंच काम लागोपाठ परत आलेलं नव्हतं. आण्णांचं अक्षर बघून डोळ्यात पाणी आलं हे खरं आहे. पण निर्णयाला उपयोग झाला तो त्यातल्या नोंदींचा.

झालं काय होतं, मे महिन्यात गगनबावड्याहून येताना टेंपरेचरचा काटा वर चढला. गाडी लगेच बाजूला घेतली, थंड होऊ दिली, टोचन लावून गावात आणली. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं, आतून चहाच्या सायीसारखा फेस. म्हणजे कुलंटचं पाणी ऑइलमध्ये गेलेलं. इंजिनाच्या वर झाकणासारखं बसतं ते हेड, आणि त्याच्या खालचं पातळ पॅकिंग म्हणजे गॅस्केट.

"हेड गॅस्केट गेलंय. हेडपण वाकलेलं असणार, पण ते खोलल्याशिवाय मी सांगणार न्हाई," मेस्त्री म्हणाले.

"आणि इंजिन?"

"इंजिनाला काय हुतंय. हेड गेलंय, गाडी न्हाई गेली. तुमी घाबरू नका मालक, पण घाईपण करू नका. आदी मला सगळी गाडी बगू द्या, मग आकडा सांगतो."

हे मला फार आवडलं. कारण हेडचं काम सांगून पैसे घेऊन मोकळं होणं सोपं होतं.

हेड का वाकतं हे आमच्या फौंड्रीतल्या पोरांना लगेच कळतं. हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम गरम झालं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि इथं त्याला बोल्टांनी आवळून धरलेलं असतं, मग जागा मिळेल तिकडं ते कमान धरतं. थंड झालं तरी पूर्ण सरळ होत नाही. मग मेस्त्री त्यावर स्ट्रेट एज, म्हणजे एकदम सरळ पट्टी ठेवतात आणि खालून फीलर गेजची पातळ पाती घालून बघतात, साधारण ०.०५ मिलिमीटरच्या वर फट निघाली की ते बसवायचं नाही. केसाच्या जाडीपेक्षा कमी असते ही फट. तेवढ्यानं गाडी घाटात उभी राहते. त्यावर उपाय म्हणजे मशीनवर धरून तो चेहरा परत सपाट करून घ्यायचा, ज्याला सगळे फेसिंग म्हणतात, आणि त्यालाही मर्यादा असते, फार काढलं तर हेड पातळ होतं आणि मग ते फेकावंच लागतं. आमचं मर्यादेत आहे.

आणि इथं मला कोल्हापुरात राहत असल्याचा खरा फायदा वाटतो. दुसऱ्या एखाद्या गावात असतो तर हेड काढून कुठं पाठवायचं हाच प्रश्न पडला असता. इथं उद्यमनगरात जायचं. हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, बोअर, क्रँक ग्राइंडिंग, एकापेक्षा एक कारागीर हाकेच्या अंतरावर. हे गाव शेतीची ऑइल इंजिनं बनवत आणि दुरुस्त करत मोठं झालंय, उसाच्या गुऱ्हाळाला, मोटेच्या जागी आलेल्या पंपाला इंजिन लागायचं आणि ते बिघडलं की शेतकरी बैलगाडीत घालून कोल्हापूरला आणायचा. त्यातून लेथवर बसणाऱ्यांच्या, पॅटर्न करणाऱ्यांच्या, ओतकाम करणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या, त्यातल्याच म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही उद्यमनगरात आदरानं घेतात. पुढं त्याच हातांनी मोटारींचे पार्ट बनवायला सुरुवात केली आणि आज देशभरच्या वाहन कंपन्यांना इथून कास्टिंग जातं. म्हणून दुरुस्ती परवडते की नाही हा प्रश्न कोल्हापूरात एका पद्धतीनं सुटतो आणि मोठ्या शहरातल्या एखाद्या कॉलनीत वेगळ्या पद्धतीनं. तिथं फेसिंग न करता अख्खं नवीन हेड बदलायचा आकडा सांगतात आणि मग माणूस गाडीच बदलतो. त्याचं चुकत नाही, त्याच्याजवळ उद्यमनगर नाही.

पण मेंटेनन्सच्या माणसाला हेड वाकलं एवढ्यावर समाधान होत नाही. ते का तापलं? मेस्त्रींनी शोधून काढलं, रेडिएटरच्या बाजूची जी प्लॅस्टिकची टाकी असते तिला बारीक चीर गेलेली, गरम झाल्यावर उघडायची आणि थंड झाली की मिटायची, त्यामुळं सकाळी बघितलं तर खाली थेंब नाही. कुलंट हळूहळू कमी होत गेलं. हेच जर बघितलं नसतं आणि नुसतं हेडचं काम करून गाडी परत घाटात घातली असती तर तेच काम परत, आणि मग सगळे म्हणाले असते बघा, जुन्या गाडीत पैसे घालू नये. जुन्या गाडीत घातलेले पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा असे, कारण सोडून परिणाम दुरुस्त केल्यामुळं.

आता पत्र्याचं. मला विचाराल तर गाडी ठेवायची की नाही हे इंजिनावरून ठरत नाही, पत्र्यावरून ठरतं. इंजिन परत उभं करता येतं, गिअरबॉक्स येतो, एसी येतो. छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, सगळी बॉडीच एक सांगाडा असते, आणि त्या सांगाड्याला ज्या ठिकाणी पुढचे शॉकॲबसॉर्बर बसतात, जिथं खालचे आर्म बसतात, दरवाज्याखालचा जो पट्टा असतो, तिथं एकदा गंज आत शिरला की वरून कितीही पॅच मारा, रंग मारा, ती गाडी आतून गेलेली असते. आपल्याकडं पाऊस कसा असतो ते सांगायला नको, आणि त्यात मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वरचेवर गेलेली गाडी असेल तर नीटच बघून घ्यावं. मेस्त्रींनी गाडी वर उचलली आणि हातात स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीनं सगळीकडं ठोकत गेले. ठण्ण वाजलं की पुढं. थप्प वाजलं की थांबायचं, टोक घालून बघायचं. आमच्या गाडीत मागच्या चाकाच्या कमानीत एका ठिकाणी थप्प वाजलं, तिथला पत्रा कापून नवीन वेल्ड करायला सांगितलाय. बाकी सगळीकडं ठण्ण. तो आवाज ऐकून मी मनातून जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. जर शॉकॲबसॉर्बरच्या जागेला थप्प वाजलं असतं तर मी ही गाडी त्याच दिवशी भंगारात द्यायची तयारी केली असती, आण्णांची वही असली तरी.

भंगाराचं मला वाईट वाटत नाही, हेपण सांगतो. आमच्या यार्डात रोज ट्रक येतात, फुटके ब्रेक ड्रम, डिस्क, फ्लायव्हील, कापलेला पत्रा. ते सगळं इंडक्शन फर्नेसमध्ये जातं, वितळून चौदाशे अंशाच्या पुढं तापतं, आणि साच्यात ओतून परत नवीन ब्रेक ड्रम होऊन पुण्याकडं जातं. नव्या गाडीत जुन्या गाड्यांचं लोखंड असतंच. पण एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज लागते हेपण मला रोज मीटरवर दिसतं, त्यामुळं जी वस्तू अजून चालू शकते ती वितळवायची घाई मला पटत नाही.

पंधरा वर्षांच्या नियमाबद्दल लोकांच्यात फार गोंधळ आहे. बरेच जण सांगतात, पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार जप्त करतं. तसं नाही. ते दिल्ली आणि आसपासच्या भागापुरतं होतं, तिथं प्रदूषणामुळं हरित लवादानं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली, पुढं २०२५ मध्ये कोर्टानंच त्यात सूट दिली. आपल्याकडं खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, नंतर आरटीओत गाडी दाखवून, तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. फी मात्र एप्रिल २०२२ पासून चारचाकीला पाच हजार केलीय, पूर्वी सहाशे होती, आणि वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला २०२५ मध्ये दहा हजार केली. वर पर्यावरण कर वेगळा. मुदत चुकवली तर महिन्याला पाचशे दंड. आणि गाडी द्यायचीच असेल तर नुसती भंगारवाल्याला देऊ नका, नोंदणी असलेल्या स्क्रॅपिंग सेंटरला द्या, ते जे सर्टिफिकेट देतात त्यावर नवीन खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत देता येते, आणि नवीन गाडीची रजिस्ट्रेशन फीपण माफ होते. हे सगळं मी हिशोबात धरलं.

पेट्रोलचं एक आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. कोल्हापूरच्या माणसाला या इथेनॉलबद्दल वाईट बोलवत नाही, आमचंच ते आहे, आमच्या भावकीचा ऊस कारखान्याला जातो, कारखाना इथेनॉल करून तेल कंपन्यांना देतो आणि त्याचे पैसे लवकर येतात म्हणून उसाचं बिल वेळेवर द्यायला मदत होते. पण खरं ते खरं, एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या पेट्रोलचा विचार करून बनवल्यात, २०११ ची नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ताकद कमी असते त्यामुळं ॲव्हरेज थोडं उतरतं, ते आम्हाला जाणवलंय. त्यापेक्षा काळजी रबराची, जुने फ्युएल पाइप, सील, ओ-रिंग. ते कडक होतात, चिरतात, आणि पेट्रोलची गळती म्हणजे थेट आगीचा धोका. म्हणून मेस्त्रींच्या यादीत मी स्वतः हे काम घालायला लावलं, टाकीपासून इंजिनापर्यंत सगळे रबरी पाइप नवीन. खर्च फार नाही. ज्यांच्याकडं जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी बाकी काही नाही केलं तरी हे करून घ्या, मनापासून सांगतो. आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

मग पाणी. जुलै आला की कोल्हापुरात सगळ्यांची नजर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटाच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर, हायवे शिरोलीला पाण्याखाली, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, जिथं पाणी येईल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं तिथं बेसमेंटमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. आमची त्या दोन्ही वेळेला उंचावर नेऊन लावलेली होती. पण यात जुन्या गाडीवाल्यानं एक गोष्ट समजून घ्यावी. बरेच जण जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स काढतात, आणि त्यात पुराचं नुकसान मिळत नाही, एक रुपयासुद्धा. पूर्ण पॉलिसी काढली तरी गाडीची किंमत धरतात कमी, आणि इंजिनात पाणी शिरल्याचं जे वेगळं कव्हर असतं ते बहुतेक कंपन्या इतक्या जुन्या गाडीला देत नाहीत. म्हणजे पूर आला तर ही गाडी गेली असंच धरायचं आणि आधीच वर नेऊन लावायची. आणि बुडालेली गाडी पाणी उतरल्यावर चावी फिरवून बघायची नाही, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, जी गाडी वीस-पंचवीस हजारात निघाली असती ती लाखात जाते.

इथपर्यंत सगळं दुरुस्तीच्या बाजूनं होतं. घरात मी हे सगळं मांडलं तर पुण्याहून आलेली पोरगी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "पप्पा, हेड होईल, पत्रा होईल. एअरबॅग कुठल्या मेस्त्रीकडून बसवणार?"

याला उत्तर नाही. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, तीपण नाही. तेव्हा बेसिक मॉडेलला नसायचंच. नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून, आणि शेजारच्या सीटची २०२२ पासून. आणि ही वस्तू नंतर बसवून मिळत नाही, सेन्सर, वायरिंग, स्टिअरिंग, सीटबेल्टचा ताण, सगळं एकमेकांशी जुळवून कारखान्यातच बसवलेलं असतं. दुरुस्ती म्हणजे गाडी जशी होती तशी परत करणं. २०११ ला ती जितकी सुरक्षित होती त्यापेक्षा जास्त सुरक्षित ती साठ हजारात होणार नाही, सहा लाखात पण होणार नाही. पुणे-बंगळूर हायवेला सहापदरीकरणाची कामं, जागोजागी डायव्हर्जन, रात्रीचे उसाचे ट्रॅक्टर मागं लाइट नसलेले, समोरून येणारा शंभरच्या पुढं. तिथं ब्रेक दाबल्यावर चाक लॉक न होणं ही चैन नव्हे. पोरगीनं मला अडवलं त्याचा मला अभिमान वाटला, कारण मी मशीनवाला माणूस, मी चालतंय का एवढंच बघत होतो, ती आत कोण बसलंय ते बघत होती.

तेव्हा कोणतरी म्हणालंच, दसऱ्याला कोल्हापूरचे छत्रपती त्यांच्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात, ती १९३० च्या दशकातली, ती चालते मग तुझी का नाही. मी लहानपणापासून त्या गाडीला बघायला गर्दीत उभा राहिलोय आणि अजून ती वळणावरून येताना दिसली की अंगावर काटा येतो. पण ती सोनं लुटायच्या दिवशी दोन्ही बाजूंनी माणसं उभी असलेल्या रस्त्यावरून हळू येते. तिला कुणी पावसाळी रात्री कराडच्या पुढं ऐंशीच्या स्पीडला ट्रकच्या मागं ब्रेक दाबायला लावत नाही. गाडीचं वय किती याच्याइतकंच तिला कुठं नेणार हे महत्त्वाचं आहे, आणि आमचा निर्णय शेवटी तिथूनच सुटला.

आम्ही शोरूमलापण गेलो, सगळे. आईला घेऊन गेलो. आई शहात्तरची, गुडघे दुखतात. आमच्या गाडीत ती पाठमोरी होते, सीटवर बसते आणि मग पाय आत फिरवते, सीटची उंची तिच्या बरोबर कमरेखाली येते त्यामुळं तिला कुणाचा हात लागत नाही. शोरूममधल्या पोरानं फार अदबीनं एकेक गाडी दाखवली. एक उंच होती तिथं तिला पाय चढवता येईना, दुसरी दिसायला सुंदर पण इतकी खाली की उठताना मला आणि बायकोला दोघांना धरायला लागलं. तिसरीत ती व्यवस्थित बसली आणि वर हात करून म्हणाली, "हितं धरायला काय न्हाई व्हय?" स्क्रीन, कॅमेरा, सनरूफ सगळं होतं, तिच्या बाजूला वर धरायचा दांडा नव्हता. त्या पोरानं ते लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं. बायको परत येताना म्हणाली, "अहो, पुढं कधीपण गाडी घ्यायची तर आईंना बसवून बघितल्याशिवाय घ्यायची नाही." आईला जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, दवाखान्यात, देवळात याच गाडीतून न्यायचंय, आणि ते सगळं चाळीस-पन्नासच्या स्पीडचं आहे.

तर ठरलं ते असं. गाडी दुरुस्त करायची, पूर्ण कारणासकट. गाव, आसपासची खेडी, दवाखाना, देवळं यासाठी ती वापरायची. हायवेनं लांब जायचं नाही, पुण्याला रेल्वेनं जायचं नाहीतर एसटीनं, कुटुंबासह जायचं असेल तर नवीन गाडी भाड्यानं करायची, वर्षातल्या थोड्या फेऱ्यांचं भाडं हप्त्यापुढं काहीच नाही. आणि पोरगीची अट म्हणून, जो दहा हजाराचा हप्ता आम्ही भरत नाही तो दर महिन्याला आरडीत टाकायचा. दोन-तीन वर्षांनी एअरबॅगवाली गाडी घेताना कर्ज कमी लागेल, आणि मध्येच ही गाडी परत मोठं काम काढायला लागली तर त्या पैशाला हात न लावता हिला स्क्रॅपिंगला द्यायची, तेव्हा मी मध्ये बोलायचं नाही. हे मी मान्य केलंय, वहीत तारखेसकट लिहिलंय.

मेस्त्रींच्या यादीत आधी टायर आणि ब्रेक, मग हेड आणि रेडिएटर, मग पेट्रोलचे पाइप, मागच्या कमानीचा पत्रा. एसीचं काम मी शेवटी ठेवलं होतं, पण आईनं दुपारी दवाखान्यात जायचं असतं म्हणून ते वर घ्यायला लावलं, घेतलं. हेड उद्यमनगरात फेसिंगला गेलंय, शनिवारी मिळेल म्हणालेत. रजिस्ट्रेशन ऑक्टोबरला संपतंय, ऑगस्टमध्ये आरटीओचा फॉर्म भरायचाय, त्याच्या आधी पीयूसी काढायचीय.